केकचे कोरडे मिश्रण एकदम किती करावे आणि पावसाळ्यात कसे टिकवावे

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आपण नाशिकला इंदिरानगरात राहता. मे महिन्याच्या सुटीत बिनअंड्याच्या केकचे सुमारे 10 किलो कोरडे मिश्रण एकदम करून आपण ते स्टीलच्या मोठ्या डब्यात भरून ठेवले. सुरुवातीचे केक छान झाले, पण जुलै उजाडला तशा तक्रारी सुरू झाल्या. कधी केक मधोमध बसतो, कधी त्यावर पिवळे-तपकिरी ठिपके येतात आणि तो साबणासारखा लागतो, मिश्रणात गुठळ्या झाल्या आहेत, आणि परवा चाळताना त्यात तांबूस रंगाचे बारीक किडे दिसले. दिवाळीपासून हेच मिश्रण पाकिटांत भरून विकण्याचा आपला विचार आहे. म्हणून ते सहा महिने टिकावे यासाठी त्यात कोणते प्रिझर्व्हेटिव्ह घालावे, असे आपण विचारले आहे.

उत्तर असे की, प्रिझर्व्हेटिव्ह घालून यातली एकही तक्रार जाणार नाही. बेकरीत वापरले जाणारे कॅल्शियम प्रोपिओनेट तयार पावावर बुरशी येऊ नये म्हणून असते. कोरड्या पिठात त्याला फारसे काम नसते. आपल्या डब्यात बुरशी आलेलीच नाही. तिथे चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी बिघडल्या आहेत: फुगवणारा घटक मंदावला, तो सर्वत्र सारखा मिसळला गेला नव्हता, मिश्रण सादळले आणि मैद्याबरोबर आलेल्या अंड्यांतून किडे बाहेर पडले. या चारही गोष्टींची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे आहेत. म्हणून ‘सहा महिने कसे टिकवू’ असे विचारण्यापूर्वी या डब्यातला कोणता घटक सर्वांत आधी मान टाकतो, हे पाहावे लागते. मिश्रणाचे आयुष्य त्या घटकाच्या आयुष्याहून जास्त कधीच नसते, मग बाकीचे जिन्नस कितीही उत्तम असोत.

मी नाशिकमध्येच घरगुती बेकिंगचे वर्ग घेते आणि सणांच्या दिवसांत केकची व नानखटाईची मिश्रणे करून देते. पुढे दिलेली मुदत आणि पद्धत माझ्या स्वयंपाकघरातल्या अनुभवावर बेतलेली आहे. आपले घर तळमजल्यावर आहे की वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघरात ऊन येते की नाही, मैदा कुठल्या दुकानातून येतो, डबा आठवड्यातून एकदा उघडतो की रोज, यावर त्यात फरक पडेल. शहरात पडणारा पाऊस आणि इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस यांत तर जमीन-अस्मानाचे अंतर आहे; तिकडच्या वाचकांनी माझी पावसाळ्यातली मुदत आणखी कमी धरावी.

मे महिन्यात वर्षाचे करून ठेवायची आपल्या घरांची सवय जुनी आहे. पापड, कुरडया, शेवया, सांडगे गच्चीवर वाळतात आणि वर्षभर पुरतात, त्यामुळे केकचे पीठही त्याच हिशेबाने टिकेल असे मनात येणे स्वाभाविक आहे. पण कुरडई टिकते ती कडक उन्हात तिच्यातले पाणी उडून गेल्यामुळे. केकच्या मिश्रणातले काहीच आपण वाळवत नाही. हाताला कोरडा लागणारा मैदाही साधारण 12 ते 14 टक्के पाणी बाळगून असतो. शिवाय पीठ हवेशी सतत देवाणघेवाण करत असते: हवा कोरडी असेल तर ओलावा सोडते आणि दमट असेल तर घेते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेतली आर्द्रता अनेकदा 80 टक्क्यांच्या पुढे जाते. अशा दिवसांत डब्याचे झाकण जितक्या वेळा उघडेल, तितक्या वेळा आतल्या पिठाला थोडे पाणी मिळते. मिश्रण उन्हात वाळवून घ्यावे का, असे वर्गात हमखास विचारले जाते. ते करू नये. दुधाच्या पावडरीतली चरबी ऊन आणि हवा लागून लवकर खवट होते, सोडा उष्णतेने दुबळा होतो, आणि गच्चीवरची धूळ व किडे मिळतात ते वेगळेच.

आता फुगवणाऱ्या घटकाकडे वळू, कारण केक बसण्याचे मूळ तिथे आहे. बेकिंग पावडरमध्ये खाण्याचा सोडा, एक किंवा दोन आम्लधर्मी क्षार आणि कॉर्नस्टार्च असते. सोडा आणि आम्ल यांनी पाण्यात भेटून वायू सोडायचा, हे तिचे काम. स्टार्च तिथे असते ते डबीतला किरकोळ ओलावा स्वतःकडे घेऊन त्या दोघांना दूर ठेवण्यासाठी. आपण ही पावडर मैद्यात मिसळतो तेव्हा तिला एकदम 12-14 टक्के पाणी असलेल्या शेजाऱ्याच्या घरात नेऊन बसवतो. मग वायू थोडा थोडा, कुणाच्या लक्षात न येता डब्यातच सुटत राहतो. प्रमाणित बेकिंग पावडर आपल्या वजनाच्या किमान 10 टक्के कर्बवायू देते, म्हणजे एका केकमधल्या 5 ग्रॅम पावडरीतून निदान अर्धा ग्रॅम, खोलीच्या तापमानाला पाव लिटरहून थोडा अधिक वायू मिळतो. त्यातला तिसरा हिस्सा डब्यातच संपून गेला असेल, तर भट्टीत केक सुरुवातीला वर येतो, पण मधला भाग धरण्याआधीच त्याला आधार कमी पडतो आणि तो मधोमध बसतो. बाजारातली पाकिटे जास्त टिकतात, कारण त्यांचा मैदा मुद्दाम कमी ओलाव्याचा घेतलेला असतो, त्यातली आम्ले पाण्यात सहज न विरघळता उष्णतेनंतर जागी होणारी असतात, आणि पाकीट हवा-पाणी आत न जाऊ देणाऱ्या थरांचे असते. घरी यातले तिसरे थोडेफार साधते, पहिली दोन साधत नाहीत.

पावडर जिवंत आहे का हे पाहायला अर्धा मिनिट लागते. वाटीत तीन-चार चमचे कडकडीत पाणी घ्यावे आणि त्यात अर्धा चमचा बेकिंग पावडर टाकावी. ती लगेच खालपासून उसळून वाटीभर फेस वर आला, तर ठीक. काही बुडबुडे येऊन पावडर तळाशी पांढरी बसून राहिली, तर ती डबी केकसाठी संपली. सोड्याची परीक्षा गरम पाण्यात होत नाही. त्याला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लागते. मिश्रण करायला बसण्याआधी ही परीक्षा प्रत्येक वेळी घ्यावी, डबी नवी असली तरी, कारण ती दुकानात किती पावसाळे बसून होती हे आपल्याला ठाऊक नसते.

ठिपके आणि साबणासारखी चव ही दुसऱ्या दोषाची खूण आहे. आपल्या 10 किलो मिश्रणात सोडा जेमतेम 45 ग्रॅमच्या आसपास असणार. एवढासा सोडा परातीत ओतून हाताने कालवला, तर तो सर्वत्र सारखा पसरणे शक्यच नाही. कुठे त्याचे बारीक खडे राहतात आणि तिथे ठिपका व कडवट-साबणी चव येते, कुठे तो पोहोचतच नाही. त्यात भर म्हणजे डबा हलवला, खाली-वर केला, की साखरेचे जड कण आणि मैद्याचे हलके कण हळूहळू वेगळे होतात. वरून काढलेले तीन वाट्या मिश्रण आणि तळाचे तीन वाट्या मिश्रण या दोन वेगळ्या पाककृती होतात. म्हणूनच मी मोठ्या डब्यात तयार मिश्रण ठेवतच नाही. एका केकचे एक पाकीट, आणि फुगवणाऱ्या घटकांची त्यात वेगळी पुडी, असा माझा रिवाज आहे.

प्रमाण देते, म्हणजे हिशेब समजेल. साधारण 7 इंची डब्यातल्या एका केकसाठी मैदा 150 ग्रॅम, पिठीसाखर 125 ग्रॅम आणि साय काढलेल्या दुधाची पावडर 25 ग्रॅम, असे 300 ग्रॅमचे मोठे पाकीट होते. वेगळ्या पुडीत कॉर्नफ्लोअर 15 ग्रॅम, बेकिंग पावडर 5 ग्रॅम, सोडा दीड ग्रॅम आणि मीठ 1 ग्रॅम, म्हणजे साडेबावीस ग्रॅम. करणाऱ्याने ऐन वेळी पुडी पाकिटात रिकामी करून एकदा चाळायचे आणि त्यात 125 ग्रॅम दही, 60 मिलिलिटर तेल, साधारण 90 मिलिलिटर दूध आणि व्हॅनिला घालायचे. दीड ग्रॅम सोड्याला एवढ्या दह्याचे आम्ल पुरते. दही कमी करून दूध वाढवले तर सोडा उरतो आणि पुन्हा तीच साबणी चव येते. हे पाकिटावर लिहायला विसरू नये. दही कमी-जास्त घट्ट असण्याने दुधाचे प्रमाण चमचा-दोन चमचे इकडेतिकडे होईल.

दहा केकच्या पुड्या एकदम करायच्या असतील तर 150 ग्रॅम कॉर्नफ्लोअर, 50 ग्रॅम बेकिंग पावडर, 15 ग्रॅम सोडा आणि 10 ग्रॅम मीठ एकत्र घेऊन बारीक जाळीच्या चाळणीतून तीनदा चाळावे. एकूण 225 ग्रॅम होतात. त्यातून साडेबावीस ग्रॅमच्या दहा पुड्या वजन करून भराव्यात. सव्वादोनशे ग्रॅम वस्तू सारखी मिसळणे सोपे असते, 10 किलो मिसळणे नसते. सगळी मेख एवढीच आहे. यासाठी दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यावा. स्वयंपाकघरातला नेहमीचा काटा एकेका ग्रॅमने पुढे सरकतो, त्यावर दीड ग्रॅम सोडा मोजणे म्हणजे अंदाजपंचे. चमच्यानेही मोजू नये, कारण दाबून भरलेला आणि सैल भरलेला चमचा यांत बराच फरक पडतो.

वेगळी पुडी ग्राहकांना कटकट वाटेल असे काहींचे म्हणणे असते. थंडीच्या दिवसांत, पाकीट महिन्याभरात संपणार असेल, तर सगळे एकत्र केले तरी चालते. मग मात्र दुपटीची पद्धत पाळावी: त्या 225 ग्रॅममध्ये आधी तेवढाच म्हणजे 225 ग्रॅम मैदा घालून चाळावे, मग 450 ग्रॅम मैदा घालून पुन्हा चाळावे, मग उरलेला 825 ग्रॅम, आणि शेवटी 250 ग्रॅम दुधाची पावडर व 1250 ग्रॅम पिठीसाखर. होणाऱ्या 3225 ग्रॅममधून लगेच, डब्यात न साठवता, 322 ग्रॅमची पाकिटे भरून टाकावीत. पावसाळ्यात मी हे करत नाही.

साखर घरी मिक्सरवर दळली असेल तर ती पूर्ण गार झाल्यावरच मिसळावी. गरम साखर बंद पाकिटात गेली की आतल्या बाजूला वाफ धरते आणि आठवड्याभरात तिचा खडा होतो. गिरणीतून आणलेल्या पिठाचेही तसेच. कणीक वापरणार असाल तर ती ताटात पसरून पूर्ण गार झाल्याशिवाय बांधू नये.

आता जिन्नसांविषयी, कारण ‘मैद्याऐवजी अमुक घातले तर’ हा पुढचा प्रश्न येणारच. दुधाची पावडर सायीची, म्हणजे पूर्ण स्निग्धांशाची घेतली तर चव छान येते, पण तिच्यात पाव हिश्श्याहून थोडी अधिक चरबी असते आणि उन्हाळ्यात ती सर्वांत आधी खवट होते. साठवणीच्या मिश्रणात साय काढलेल्या दुधाचीच पावडर घालावी; हवी ती श्रीमंती ऐन वेळी लोण्याने आणता येते. कणकेत गव्हाचा अंकुर असतो आणि अंकुरात तेल, त्यामुळे कणकेचे मिश्रण मैद्याच्या निम्मेही टिकत नाही. आपल्या जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याची नागली चांगली मिळते आणि नागलीच्या ब्राउनीला हल्ली मागणीही आहे. नागलीत चरबी कमी असल्याने तिचे पीठ बऱ्यापैकी दम धरते, पण बाजरीचे पीठ आठवडा-दोन आठवड्यांत कडू होते, हे भाकरी करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. बाजरीच्या पिठाचे मिश्रण साठवायच्या फंदात पडूच नये.

कोकोच्या बाबतीत एक गोष्ट नीट पाहावी. साधा कोको आम्लधर्मी असतो आणि सोड्याबरोबर चालतो. अल्कली प्रक्रिया केलेला, गडद रंगाचा कोको आम्ल जवळजवळ गमावून बसलेला असतो, त्याला बेकिंग पावडर लागते. पाकिटावर पाहून एकदा ठरवले की तोच कोको कायम ठेवावा, नाहीतर दर खेपेला केक वेगळा येईल. गुळाची पावडर आणि तपकिरी साखर स्वतः ओलसर असतात आणि हवेतला ओलावाही ओढून घेतात, त्यामुळे त्या मिश्रणात नकोत. बेदाणे आपल्या घरचे असतात म्हणून मूठभर घालायचा मोह होतो, पण मऊ बेदाण्यात मैद्यापेक्षा मोकळे पाणी जास्त असते, ते पिठात उतरते आणि बेदाण्याभोवती गोळा तयार होतो. अक्रोड-बदामाचे तुकडे तेलामुळे खवट होतात. हे सारे वेगळ्या पुडीत, किंवा सरळ ‘आपल्या आवडीने घाला’ अशा सूचनेत ठेवावे. पावाच्या मिश्रणात इन्स्टंट यीस्ट मिसळून ठेवणारे मिठाला दोष देतात, पण खरा त्रास पिठातल्या ओलाव्याचा असतो. सुके यीस्ट फारच कोरडे असते आणि ते पिठातून पाणी ओढून हळूहळू दुबळे होते. तेही वेगळे बांधावे. खमण ढोकळ्याच्या मिश्रणात तर सोडा आणि लिंबूसत्त्व एकाच पाकिटात असणे म्हणजे पावसाळ्यात भांडण लावून देणेच आहे; तिथे दोन पुड्यांना पर्याय नाही.

गुठळ्यांबद्दल दोन शब्द. बोटाने हलके दाबताच भुगा होणारी गुठळी डब्यातल्या वजनाने झालेली असते, ती निरुपद्रवी. दाबल्यावर न फुटणारी, फोडल्यावर आत खडा लागणारी गुठळी ओलाव्याची. पहिली चाळून घ्यावी. दुसरी दिसली तर त्या मिश्रणातली बेकिंग पावडर काम करणार नाही असे धरून चालावे.

किड्यांचा विषय थोडा विस्ताराने मांडते, कारण त्याबाबत समज चुकीचे आहेत. गव्हा-तांदळातले सोंडे वेगळे आणि पिठातले हे तांबूस बारीक पोरकिडे वेगळे. ते बहुधा आपल्या घरात उडून आले नाहीत. मैद्याबरोबर अंड्यांच्या रूपाने आले. अंडी अतिशय बारीक आणि चिकट असतात, त्यांना पीठ चिकटते, त्यामुळे घरच्या चाळणीतून ती सहज खाली जातात. उन्हाळ्याच्या उष्णतेत अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला साधारण महिना-दीड महिना लागतो, म्हणजे मे अखेरीस भरलेल्या डब्यात जुलैत किडे दिसणे अगदी हिशेबशीर आहे. यावर खात्रीचा घरगुती उपाय थंडीचा. मैदा आणल्यावर किलोकिलोच्या बंद पिशव्या करून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये निदान चार दिवस ठेवाव्यात. मोठी पिशवी एकदम ठेवली तर गारवा मध्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून लहान. बाहेर काढल्यावर पिशवी उघडायची घाई अजिबात करू नये. गार पिठाला दमट हवा लागली की फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर येते तसे पाणी त्यावर धरते, आणि एका त्रासातून सुटून दुसऱ्यात पडल्यासारखे होते. रात्रभर बंदच ठेवून सकाळी उघडावी.

तमालपत्र, लवंगा, कडुलिंबाची पाने यांचा पिठातल्या अंड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. लवंगेचा वास मात्र केकला नक्की लागतो. धान्याला लावतात ती बोरिक पावडर, डब्यात टाकतात त्या पारद टिकड्या किंवा गोदामात वापरतात त्या विषारी गोळ्या पिठाच्या आसपासही आणू नयेत. धान्य निदान निवडून धुऊन घेता येते, पीठ धुता येत नाही. मैदा भाजून घ्यावा असेही सुचवले जाते. रवा किंवा बेसन भाजणे ठीक, पण भाजलेल्या मैद्याचा ग्लुटेन, म्हणजे पिठाला धरून ठेवणारे प्रथिन, बदलतो आणि केक भुसभुशीत होऊन तुटतो. शिवाय घरी भाजल्याने कच्च्या पिठातले जंतू सगळे मरतातच असे नाही, त्यामुळे कच्चे पीठ मुलांना चाटायला देऊ नये ही सूचना पाकिटावर असू द्यावी.

डब्यांमध्ये आपला स्टीलचा डबा दिसायला भक्कम, पण झाकण नुसते वर बसते. हवा आणि किडे दोन्ही त्यातून जातात. फिरकीच्या झाकणाची, आत रबरी रिंग असलेली काचेची किंवा जाड प्लास्टिकची बरणी त्याहून बरी. पातळ पॉलिथीनच्या पिशव्या किडे कुरतडून आत शिरतात. विक्रीसाठी ॲल्युमिनियमचा थर असलेली पाकिटे घ्यावीत आणि हीट सीलिंग मशीनने बंद करावीत. सीलच्या जागी पीठ राहिले तर सील धरत नाही, म्हणून भरताना नरसाळे वापरून कडा पुसून घ्यावी. पोकळी करणारी व्हॅक्यूम मशीन बारीक पीठ सीलमध्ये ओढून घेते, ती या कामाला गैरसोयीची. सिलिका जेलची पुडी खाद्यवापराची असेल तर चालेल, पण ती थोडासाच ओलावा धरते. रोज उघडणारी बरणी ती वाचवू शकत नाही. बरणी शेगडीच्या वरच्या कप्प्यात कधीही ठेवू नये.

मग एकदम किती करावे? घरच्यासाठी, महिन्याला तीन-चार केक होत असतील, तर दहा पाकिटांहून जास्त नको. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे आपल्याकडचे उत्तम दिवस. त्या काळात वेगळ्या पुडीचे मैद्याचे मिश्रण मी तीन महिने निर्धास्त वापरते. मार्च ते मे दोन महिने, कारण तेव्हा ओलावा नव्हे तर उष्णता चरबीला खाते. जून ते सप्टेंबर सहा आठवडे, आणि सगळे एकत्र मिसळलेले असेल तर चारच. कणकेचे मिश्रण थंडीतही महिनाभराचेच करावे. फ्रीझरमध्ये बंद पाकीट सहा महिने चांगले राहते, पण ते कुणी घरी नेऊन फडताळात ठेवणार असेल तर त्या सहा महिन्यांना अर्थ नाही. मैद्याचे पोते घाऊक दराने स्वस्त पडते म्हणून मिश्रणही पोत्याच्या मापात करावे असा मात्र हिशेब नसतो. पोते घ्यायचेच असेल तर मैदा वेगळा जपावा आणि पाकिटे दर महिन्याला करावीत.

सध्या डब्यात उरलेल्या मिश्रणाचे काय, हे आपण विचारलेले नाही, पण मनात असेलच. किडे दिसले आहेत, तेव्हा ते चाळून वापरू नये. या किड्यांच्या स्रावाने पिठाला उग्र वास येतो, जुने झाल्यावर ते गुलाबीसर दिसू लागते, आणि चाळल्यावर अंडी तर उरतातच. मिश्रण पिशवीत घट्ट बांधून टाकून द्यावे. डबा गरम पाण्याने धुऊन कडक वाळवावा, झाकणाच्या घडीत आणि कप्प्याच्या कोपऱ्यांत साचलेले पीठ जुन्या ब्रशने काढावे, कारण पुढची पिढी तिथेच बसलेली असते.

विक्रीविषयी शेवटी. घरून विकले तरी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते आणि त्याचा अर्ज फॉसकॉस पोर्टलवर करता येतो. उलाढालीच्या मर्यादा आणि शुल्क तिथेच पाहून घ्यावे. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख, मुदत, आपला पत्ता, नोंदणी क्रमांक आणि शाकाहारी पदार्थाचे हिरवे चिन्ह असावे. गहू आणि दूध हे ॲलर्जीचे घटक स्पष्ट लिहावेत. बेकिंग पावडर आणि सोडा फुगवणारे घटक म्हणून नोंदवावे लागतात. सोड्याचा आयएनएस, म्हणजे अन्नात घालायच्या पूरक घटकांचा आंतरराष्ट्रीय, क्रमांक 500 आहे, बेकिंग पावडरमधल्या क्षारांचे क्रमांक तिच्या डबीवर असतात.

मुदतीची तारीख माझ्या किंवा इतर कुणाच्या आकड्यावरून छापू नका. आता ऑगस्टमध्येच एक लहान बॅच करा, पाकिटे ग्राहकाच्या घरी राहतील तशीच, फ्रीजबाहेर, साध्या फडताळात ठेवा, आणि दर दोन आठवड्यांनी त्यातले एक फोडून, आधी वास घेऊन, त्याच भांड्यात त्याच तापमानाला केक करा. मधोमध काडी उभी करून उंची मोजा आणि वहीत लिहा. ज्या पाकिटाचा केक पहिल्यापेक्षा बोटभर तरी बुटका निघेल किंवा ज्याला किंचितही खवट वास येईल, त्याच्या वयातून निदान दोन आठवडे वजा करून उरलेली मुदत छापा. दिवाळीपर्यंत ही वही भरलेली असेल. त्यानंतरही प्रत्येक बॅचमधले एक पाकीट विकण्याऐवजी घरी ठेवत जा, म्हणजे ग्राहकाची तक्रार आली तर त्याच बॅचचे पाकीट उघडून दोष मिश्रणाचा आहे की साठवणुकीचा, हे पाहता येईल.